वर्तनात बदल नाही

रात्रीचे साडेअकरा. हरिपूर रस्त्यावरची कुत्री भुंकून दमली.
मी मेमरीच्या कोठारात उभी,
जुन्या पाट्या पुसते आहे.

इथे लिहिलंय: ‘आत येण्याआधी मोठं कुलूप हातात असावं.’
मोठं कुलूप काढून टाकलं, त्याला पाच वर्षं होऊन गेली.
त्याची बारकी बारकी कुलुपं झाली,
पत्त्यांच्या एकेका पट्ट्याला एकेक.
कोडला ते माहीत आहे.
टिपणाला कुणी सांगितलंच नाही.
ते अजून दारात खुर्ची टाकून बसलंय,
गेलेल्या मालकाच्या नावानं
येणाऱ्याजाणाऱ्याला हटकत.

कंपायलर टिपण वाचत नाही.
उसाचा चोथा थुंकावा तसं बाजूला टाकतो
आणि पुढचं कांडं तोंडात घालतो.
वाचतो तो माणूस.
रात्री दीडला, काहीतरी कोसळलेलं असताना,
घाईत.
आणि विश्वास ठेवतो.

भूपालअण्णा हळदीच्या अडतीत दिवाणजी होते.
कोणतं पेव भरलंय, कुणाचं, किती पोती,
कोणाचं तोंड शेणामातीनं लिंपलंय,
सगळं लाल कापडाच्या वहीत. अक्षर असं की
व्यापारी वही उलटी धरूनही वाचायचे.
पेव सत्तावीससमोर त्यांनी लिहिलं: ‘रिकामे. उघडे. हवा खेळती.’
लिहिलं त्या दिवशी ते खरं होतं.

मग कुणीतरी ते भरलं, लिंपलं,
पावसाळाभर तसंच ठेवलं, अर्धं उपसलं, वर फळी टाकली.
वहीला कोण सांगणार?
दस्तगीर नदाफनं वही बघितली आणि कंदील न सोडता उतरला.
एरवी तो आधी कंदील सोडायचा.
कंदील विझला तर माणसानं उतरायचं नाही,
एवढं शहाणपण त्या गावात पोरासोरांनाही.
पण वहीत लिहिलं होतं.

दोरानं ओढून काढला. जगला.
फक्त त्याचा वास गेला.
हरिपुरात, जिथे पावसाच्या पाण्यालाही हळद लागते,
तो पुढची एकवीस वर्षं
नाकाजवळ मूठ नेऊन विचारायचा, ‘यंदाचा माल कसाय?’

‘लिहिलं तेव्हा खरं होतं,’ असं अण्णांना सगळे म्हणाले.
अण्णा एकदाही म्हणाले नाहीत.
त्या दिवाळीत त्यांनी वही घेऊन
एकेका पेवापाशी जाऊन वाकून बघितलं. गुडघे धरून.
पगार त्याचा कुणी दिला नाही,
आणि हळदीचा भाव त्यामुळे एका पैशानं हलला नाही.

माझे तेरा फाइलींतले एकेचाळीस बदल.
‘हे पान आता मोकळं आहे’ (नाही, अजून दोघांनी धरलंय).
‘खालचं फंक्शन बघा’ (खाली काही नाही, नाव बदलून ते शेजारच्या घरात गेलं).
‘हे तात्पुरतं आहे’: हे मी तसंच खोडलं, हसत.
सव्विसाव्या ठिकाणी थांबले.
कोणी लिहिलं म्हणून इतिहास काढला,
तर माझंच नाव. सहा वर्षांपूर्वीचं, उद्गारचिन्हासकट.

एकच ओळ सोडली आहे:
‘हे असं का चालतं ते ठाऊक नाही. हात लावू नये.’
तासभर बघितलं. मलाही ठाऊक नाही.
म्हणजे ती अजून खरी आहे.

पॅचवर मजकूर लिहिते:
फक्त टिपणं दुरुस्त. वर्तनात बदल नाही.
उद्या गौतमी विचारेल, आठवडाभर केलंस काय?
सांगेन काहीतरी.
खिडकी उघडते. नदीकडून वारा येतो,
त्यात हळद आहे की नाही,
हे मी आज मुद्दाम, दोनदा, हुंगून बघते.